पहाटेच्या धुनीचे धनी

ठाणे, कल्याण, डोंबिवलीच्या कित्येक घरांत एके काळी दिवस उजाडे तो आकाशवाणीच्या आरंभधुनीने. शिवरंजनीवर बेतलेली ती धून वॉल्टर कॉफमन यांची, हे मात्र थोड्यांनाच ठाऊक. १९०७ साली कार्ल्सबादला जन्मलेले हे यहुदी संगीतज्ञ हिटलरच्या उदयानंतर, १९३४ मध्ये, मुंबईस आले. आपले संगीत त्यांना प्रथम मुळीच रुचले नाही; पण जे कोट्यवधींना प्रिय, ते आपल्याला कळत नसेल तर उणीव आपल्याच कानाची, असे मानून ते शिकू लागले. आमच्या मते त्यांची खरी थोरवी येथेच आहे. मुंबई नभोवाणीवर पाश्चात्त्य संगीताची धुरा वाहून ते १९४६ मध्ये गेले. १९४८ साली कॅनडातील विनिपेगच्या वाद्यवृंदाचे पहिले संचालक झाले, पुढे अमेरिकेत ब्लूमिंग्टनला प्राध्यापक. वाद्यवृंद सुटला, राग सुटले नाहीत. उत्तर हिंदुस्थानी रागांवरील त्यांचा ग्रंथ १९६८ साली निघाला, दाक्षिणात्य रागांवरील १९७६ साली. १९८४ मध्ये ब्लूमिंग्टनलाच ते निवर्तले.