मुळशीचे सेनापती: गाव वाचवण्यासाठी लढलेले पांडुरंग महादेव बापट

पौड मागे टाकून ताम्हिणीच्या दिशेने निघालं की मुळशीचं पाणी दिसायला लागतं. पावसाळ्यात रविवारी इथे गाड्यांची रांग लागते, कणसं भाजली जातात, फोटो निघतात. या पाण्याखाली शंभर वर्षांपूर्वी भाताची खाचरं होती, घरं होती, देवळं होती. ती वाचवण्यासाठी मावळातल्या शेतकऱ्यांनी तीन वर्षांहून जास्त काळ झुंज दिली. त्या झुंजीतच पांडुरंग महादेव बापट यांना सेनापती हे नाव मिळालं. पुण्यात त्यांच्या नावाचा रस्ता आहे, मुंबईत मार्ग आहे. मात्र ही पदवी फौजेतून नाही, तर मुळशी पेट्यातल्या शेतकऱ्यांच्या लढ्यातून आली, हे बऱ्याच जणांना ठाऊक नसतं.

पारनेर ते एडिंबरा

बापटांचा जन्म १२ नोव्हेंबर १८८० रोजी पारनेरला झाला. आजचा अहिल्यानगर जिल्हा, कोरडवाहू मुलूख. घरची परिस्थिती बेताची. मुलगा मात्र अभ्यासात हुशार निघाला. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिक्षण झालं आणि शिष्यवृत्ती मिळवून ते स्कॉटलंडमधल्या एडिंबऱ्याला यंत्रशास्त्र शिकायला गेले.

तिथे त्यांनी इंग्रजी राजवटीत हिंदुस्थानची काय अवस्था झाली आहे, यावर जाहीरपणे बोलायला सुरुवात केली. त्यापायी शिष्यवृत्ती गेली. पुढे लंडनच्या इंडिया हाऊसशी आणि सावरकरांशी संबंध आला. पॅरिसला जाऊन बंगालच्या हेमचंद्र दासांसोबत बाँब बनवण्याची विद्या शिकले आणि १९०८ साली ती घेऊन मायदेशी परतले. बंगालमधल्या अलीपूर प्रकरणात धरपकड सुरू झाल्यावर काही वर्षं भूमिगत राहिले. १९१२ मध्ये पकडले गेले, पण सबळ पुरावा नसल्यामुळे सुटले.

बापट यंत्राला घाबरणारे किंवा वीज म्हणजे काय हे न कळणारे गृहस्थ नव्हते. परदेशात जाऊन यंत्रविद्याच शिकलेला हा माणूस होता. पुढे मुळशीत त्यांनी धरणाला विरोध केला तो अडाणीपणातून नव्हे.

हातात झाडू

सुटकेनंतर बापट पारनेरला आले. रोज पहाटे उठून गावातले रस्ते झाडायचे, घाण उचलायची, असा नेम त्यांनी धरला. शिकलेला, विलायतेहून आलेला ब्राह्मण झाडू घेऊन गल्लीत उभा राहतो, हे गावाला पचायला जडच गेलं असणार. १९१४ साली मुलगा झाला. त्याच्या बारशाला पहिली पंगत त्यांनी अस्पृश्य मानल्या गेलेल्या समाजाची बसवली.

गाव जपायचं म्हणजे गावातलं सगळंच जसंच्या तसं जपायचं, असं बापटांचं म्हणणं कधीच नव्हतं. उकिरडा, शिवाशिव, पंगतीतला भेद या गोष्टीही गावाच्याच होत्या. त्या काढून टाकाव्यात म्हणून त्यांनी स्वतःच्या घरापासून सुरुवात केली. गावाचं गावपण ते माणसांत आणि मातीत पाहत होते. माणसाला कमी लेखणाऱ्या रीतींना त्यात जागा नव्हती. मुळशीत ते ज्या गावासाठी उभे राहिले ते समजून घ्यायचं तर पारनेरचा हा झाडू विसरून चालणार नाही.

पुण्यात त्यांनी लोकमान्य टिळकांच्या मराठा पत्रात काम केलं, केतकरांच्या ज्ञानकोशाच्या कामालाही हात लावला. मुंबईत सफाई कामगारांच्या संपातही ते उतरले होते. अशा तयारीचा माणूस १९२१ मध्ये मुळशी पेट्यात पोचला.

मुळा-निळेच्या संगमावर

मुंबईत कापडगिरण्या वाढत होत्या. कोळसा महाग पडत होता, धूर वेगळाच. सह्याद्रीवर पावसाचं पाणी अडवायचं, ते कड्यावरून खाली कोकणात सोडायचं आणि त्यावर वीज तयार करायची, ही योजना टाटा कंपनीने हाती घेतली. खोपोलीचं वीजघर १९१५ मध्ये सुरू झालं होतं. पुढचं धरण ठरलं मुळा आणि निळा नद्यांच्या संगमाजवळ. पाणी घाटाखाली भिऱ्याला न्यायचं आणि वीज मुंबईला.

त्यासाठी पन्नासच्या आसपास गावांची जमीन लागणार होती. दहा हजारांहून जास्त माणसं तिच्यावर जगत होती. खोऱ्यातली माती भाताची, पाऊस भरवशाचा. १८९४ च्या भूसंपादन कायद्याने सरकार ही जमीन कंपनीसाठी घेऊ शकत होतं. मालकाची संमती लागत नव्हती. त्याने फक्त दराबद्दल भांडायचं होतं.

सरकारदप्तरी मुळशी म्हणजे इतके एकर भातजमीन, इतकी वरकस, इतकी झाडं, इतकी घरं, आणि प्रत्येकाला दर. मावळ्यांच्या लेखी हिशेब निराळा होता. खाचराचा बांध आजोबाने घातलेला. गुरं चरायची ती जागा सगळ्यांची. देवराईला कुऱ्हाड लावायची नाही. लग्नाची सोयरीक शेजारच्या खोऱ्यात. मसणवटासुद्धा ठरलेला. यातलं एकेक मोजून रुपये देता येतील, पण सगळं मिळून जे गाव होतं ते पैसे देऊन दुसरीकडे उभं करता येत नव्हतं. धरणाचा वाद खरा इथेच होता.

कंपनीने शेतकऱ्यांना न विचारता त्यांच्या जमिनीत चाचणीचे चर खणायला घेतले, तेव्हा असंतोष पेटला. विनायकराव भुस्कुटे गावोगाव हिंडून लोकांना संघटित करत होते. १६ एप्रिल १९२१, रामनवमीचा दिवस. हजारावर बाया-माणसं, म्हातारी-कोतारी, पोरंबाळं धरणाच्या जागेवर जाऊन बसली. काम थांबलं. गांधीजींनीही लिहून पाठिंबा दिला. कंपनीला काही महिने काम तहकूब ठेवावं लागलं.

जीव गेला तरी चालेल पण जमीन सोडायची नाही, ही मावळ्यांची घोषणा झाली. काम पुन्हा सुरू झालं तसा सत्याग्रहही पुन्हा सुरू झाला. शेतकरी तुरुंगात जायला लागले, बायकाही मागे राहिल्या नाहीत. बापटांना शिक्षा झाली, ते सुटले, पुन्हा आले, पुन्हा आत गेले. याच धामधुमीत लोक त्यांना सेनापती म्हणू लागले.

लढा का हरला

मुळशीचा लढा सरकार आणि कंपनी यांच्या जोरापुढे हरला, असं सांगितलं जातं. ते खरं आहे, पण तेवढंच खरं नाही.

खोऱ्यातली बरीच जमीन पुण्याच्या सावकारांकडे गहाण पडलेली होती, काही तर कागदावर त्यांच्याच नावाने झालेली. कसणारा मावळा आणि मालक पुण्याच्या वाड्यात. मावळ्याला जमीन हवी होती. सावकाराच्या दृष्टीने चांगला दर आला तर व्यवहार वाईट नव्हता. शहरातल्या पुढाऱ्यांमध्येही दोन तट पडले. धरण रद्द करा म्हणणारे एका बाजूला, आणि धरण होणारच तर निदान मोबदला वाढवून घेऊ म्हणणारे दुसऱ्या बाजूला. एकदा बोलणी दरावर आली की धरण व्हावं की नको हा प्रश्नच मागे पडला. कुणी लवकर पैसे घेतले, कुणी दमून घेतले, आणि ज्याच्या डोक्यावर कर्ज होतं त्याचे पैसे हातात पडायच्या आधीच वळते झाले.

लढा विझत चालला तेव्हा बापटांनी वेगळी वाट धरली. डिसेंबर १९२४ मध्ये मोजक्या साथीदारांसह, हातात शस्त्रं घेऊन, धरणाच्या कामाच्या रेल्वेमार्गावर दगड रचून त्यांनी गाडी अडवली. गांधीजींच्या मार्गात हे बसणारं नव्हतं. सोबतचे कित्येक जणही यामुळे दुरावले. बापटांनी अंगावर आलेलं काही टाळलं नाही. सात वर्षांची शिक्षा झाली आणि सिंधमधल्या हैदराबादच्या तुरुंगात त्यांना ठेवण्यात आलं. त्या एका दिवसाने धरण थांबलं नाही. जी माणसं तीन वर्षं निःशस्त्र बसून लढली होती त्यांच्या धीराची गोष्टही त्या एका घटनेमागे थोडी झाकली गेली. बापटांचं मोठेपण मान्य करूनही हे सांगावं लागतं.

१९२७ पर्यंत धरण उभं राहिलं, भिऱ्याचं वीजघर चालू झालं. बापट १९३१ मध्ये सुटले तोवर खोऱ्यात पाणी भरलेलं होतं. काही कुटुंबांनी पाण्याच्या वरच्या अंगाला, डोंगरउतारावर पुन्हा घरं बांधली. काही पोटासाठी पुण्या-मुंबईकडे गेली. जमिनीच्या बदल्यात जमीन, नवं गावठाण, पुनर्वसन हे शब्द तेव्हा कायद्यात नव्हतेच.

पुढची वर्षं

सुटल्यावर बापट स्वस्थ बसले नाहीत. भाषणांसाठी पुन्हा तुरुंग झाला. १५ ऑगस्ट १९४७ रोजी पुण्यात तिरंगा फडकवण्याचा मान त्यांना मिळाला. गोवामुक्तीच्या आणि संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीत ते उतरले, तेव्हा वय पंच्याहत्तरच्या घरात होतं. १९६६ मध्ये महाराष्ट्र आणि म्हैसूर यांच्या सीमाप्रश्नासाठी त्यांनी उपोषण केलं. त्याच वर्षी केंद्राने महाजन आयोग नेमला. २८ नोव्हेंबर १९६७ रोजी मुंबईत त्यांचं निधन झालं.

मुंबईत त्यांच्या नावाचा मार्ग परळच्या जुन्या गिरणगावातूनच जातो. ज्या गिरण्यांसाठी मुळशीच्या पाण्याची वीज हवी होती, त्यातल्या बहुतेक बंद पडल्या आणि त्यांच्या जागी काचेच्या इमारती आल्या. गिरण्या टिकल्या नाहीत. पाणी मात्र अजून घाटाखाली जातंच आहे.

आजच्या मुळशीला त्यांचं काय

मुळशीने जे गमावलं त्यातून पुढच्या पिढ्यांना थोडंफार मिळालं. महाराष्ट्राने १९७६ साली प्रकल्पग्रस्तांच्या पुनर्वसनाचा कायदा केला. १८९४ चा भूसंपादन कायदा जाऊन २०१३ चा नवा कायदा आला. त्यात खासगी कंपनीसाठी जमीन घ्यायची तर ८० टक्के बाधित कुटुंबांची संमती लागते आणि सामाजिक परिणामांचा अभ्यास करावा लागतो. ही संमती १९२१ मध्ये असती तर रामनवमीच्या दिवशी धरणावर बसायची वेळ आली नसती.

पण आता जमीन जाण्याची वाट बदलली आहे. हिंजवडीत आयटी पार्क उभं राहिलं. मोसे खोऱ्यात लवासा आलं. सूस, म्हाळुंगे, बावधन बुद्रुक ही मुळशी तालुक्यातली गावं २०२१ मध्ये पुणे महापालिकेत गेली. त्या पलीकडच्या गावांत प्लॉटिंगचे फलक, फार्महाऊसची कुंपणं आणि रिसॉर्टच्या कमानी दिसतात. इथे कुणी जबरदस्तीने जमीन घेत नाही. एजंट येतो, इसार देतो, खरेदीखत होतं, सातबाऱ्यावर नाव बदलतं. प्रत्येक व्यवहार राजीखुशीचा. पोराचं शिक्षण, पोरीचं लग्न, आजारपण, डोक्यावरचं कर्ज अशी कारणंही खरीच असतात. विकणाऱ्याला दोष देऊन काही साधत नाही. शहर वाढलं म्हणून गावाला रस्ता, दवाखाना, नोकरी मिळाली, हेही नाकारता येत नाही.

तरीही दहा-वीस वर्षांनी मागे वळून पाहावं तर ओढ्याला कुंपण पडलेलं असतं, गायरानात जायची वाट बंद झालेली असते, भाताची खाचरं मुरूम टाकून सपाट झालेली असतात. असं व्हावं, असा निर्णय गावाने कधीच घेतलेला नसतो. तो एकेका खरेदीखतातून आपोआप झालेला असतो. १९२४ मध्येही शेवटी हेच घडलं होतं. प्रश्न दरावर आला, जो तो आपापल्या दराचं बघू लागला, आणि गाव सगळ्यांचं मिळून होतं ही गोष्ट कुणाच्याच हिशेबात राहिली नाही.

बापटांच्या आयुष्यातून मुळशीला, आणि मुळशीसारख्या वाढत्या शहरालगतच्या प्रत्येक तालुक्याला घेण्यासारखं आहे ते एवढंच: काय जपायचं आणि काय टाकून द्यायचं हे गावाने आधी ठरवावं, दर नंतर. पारनेरला त्यांनी टाकण्याच्या गोष्टी टाकल्या, मुळशीत जपण्याच्या गोष्टींसाठी उभे राहिले. ठरवण्याची जागा आता धरणाची भिंत नाही, ग्रामसभा आहे. पाणवठा, ओढा, देवराई, गायरान, गुरांची वाट, स्मशान यातलं काय कुणालाही विकू किंवा अडवू द्यायचं नाही, याचा ठराव इतिवृत्ताच्या वहीत लिहायला पैसे पडत नाहीत. सह्या करायला माणसं मात्र हजर लागतात.