किडींचा आख्खा जमाखर्च मांडणारा साहेब शेवटी विषारी वायूनेच गेला

ऑगस्टमध्ये परभणी जिल्ह्यातल्या देवगाव फाट्याच्या आसपास सोयाबीनचा हिरवागार शेंडा अचानक मान टाकताना दिसला, तर शेतकरी लगेच ओळखतो, चक्री भुंगा आला.

हा लांब मिशांच्या भुंगेऱ्यांच्या कुळातला. लांबी जेमतेम 7 ते 10 मिलिमीटर. डोकं आणि छाती तांबूस, पंखांचा मागचा भाग काळा आणि मिशा जवळपास अंगाएवढ्या. मादी देठावर किंवा फांदीवर दोन चक्र कापते आणि मधल्या जागेत अंडं घालते. वरचा भाग वाळतो, अळी खोड पोखरत खाली जाते.

आज ही ओळख मोबाईलवर मिळते. पण शंभरेक वर्षांपूर्वी भारतातल्या किडींची अशी नोंद एका जागी करायला घेतली ती हॅरॉल्ड मॅक्सवेल-लेफ्रॉय या माणसाने.

लेफ्रॉय जन्मला 1877 साली इंग्लंडमध्ये. केंब्रिजला शिकला, वेस्ट इंडिजमध्ये उसाच्या किडींवर काम केलं आणि 1903 मध्ये भारतात आला. पुढे बिहारमधल्या पुसा इथल्या शेती संशोधन संस्थेत तो सरकारचा इम्पिरियल एंटोमॉलॉजिस्ट झाला.

कीड मारायची तर आधी तिचं आयुष्य माहीत हवं. म्हणून पुसाला अळ्या पाळून त्यांचे भुंगे, पतंग होईपर्यंत नोंदी ठेवल्या गेल्या. 1906 मध्ये पिकांवरच्या किडींचं आणि 1909 मध्ये भारतीय कीटकांचं जाडजूड पुस्तक आलं. दुसऱ्यात हॉवलेट हा सहकारी सोबत होता.

मग लेफ्रॉय लंडनला प्राध्यापक झाला. तिथे वेस्टमिन्स्टर हॉलचं शेकडो वर्षं जुनं लाकडी छत भुंगेऱ्यांनी पोखरलं होतं. त्यावर त्याने औषध बनवलं आणि त्यातूनच 1925 मध्ये कंपनी उभी राहिली. एंटोकिल हे नाव नोंदणीत अडलं, म्हणून पुढे र लावून झालं रेंटोकिल. भारतात आज दिसणाऱ्या रेंटोकिल पीसीआयमधली रेंटोकिल ती हीच.

पण त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये माश्या मारायच्या वायूचे प्रयोग करताना तो प्रयोगशाळेत बेशुद्ध पडला आणि काही दिवसांतच गेला. वय अवघं 48.

सोयाबीन मराठवाड्यात फार नंतर आलं. पण धडा तोच लागू पडतो. अंडं दोन चक्रांच्या मधे असतं हे कळलं, की वाळलेला भाग खालच्या चक्रासकट कापून नष्ट करायचा. सुरुवातीलाच हे केलं, तर अळी खोडात उतरण्याआधीच संपते आणि फवारणीचा खर्चही वाचू शकतो.