टेकलेलं टोक आणि जगदीशचंद्र बोस

झाडांना संवेदना असतात हे सांगणारे शास्त्रज्ञ, एवढीच जगदीशचंद्र बोस यांची ओळख आपल्याला शाळेत होते. पण झाडांकडे वळण्याआधी हा माणूस कित्येक वर्षं एका किरकोळ वाटणाऱ्या प्रश्नाशी झुंजत होता. दोन वस्तू एकमेकींना टेकल्या, तरी त्यांच्यातून वीज दर वेळी सारखी का जात नाही?

बोस यांचा जन्म ३० नोव्हेंबर १८५८ चा, पूर्व बंगालातला. इंग्लंडात शिकून ते १८८५ मध्ये कोलकात्याच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात रुजू झाले. गोऱ्या प्राध्यापकांपेक्षा कमी पगार देऊ केला, तेव्हा त्यांनी तो घेतलाच नाही. तीन वर्षं बिनपगारी शिकवलं. शेवटी सरकारनं मागचा सगळा पगार पूर्ण दिला.

१८९५ च्या सुमारास त्यांनी कोलकात्याच्या टाऊन हॉलमध्ये अदृश्य लहरी भिंतींपलीकडे पाठवून घंटा वाजवून दाखवली. लोक थक्क झाले. खरी डोकेदुखी मात्र त्या लहरी पकडणाऱ्या यंत्राची होती. तेव्हा काचेच्या नळीत धातूचा कीस भरून हे काम करत. कीस कसाही पडायचा, कुठला कण कुठे टेकेल याचा भरवसा नसायचा.

बोस यांनी कीस काढून टाकला आणि पोलादाच्या बारीक स्प्रिंगा एका खाचेत शेजारी शेजारी बसवल्या. त्यामुळे प्रत्येक स्प्रिंग ठरलेल्या जागीच शेजारणीला टेकू लागली. दाब कमी-जास्त करायला स्क्रू लावला. बंगालच्या दमट हवेत पोलाद गंजतं, म्हणून वर कोबाल्टचा थर चढवला. जागा, दाब आणि स्वच्छ पृष्ठभाग, ही तिन्ही सांभाळली की यंत्र भरवशाचं होतं, हे त्यांनी हातानं करून पाहिलं.

पुढे शिशाच्या खनिजाचा, म्हणजे गॅलिनाचा स्फटिक त्यांनी याच कामाला लावला. त्यावरचं अमेरिकी पेटंट १९०४ साली मिळालं. अर्धवाहक वापरणाऱ्या उपकरणाचं ते अगदी सुरुवातीचं पेटंट. त्यासाठी स्नेह्यांनीच आग्रह धरला होता. त्यातून पैसा करायच्या भानगडीत बोस पडले नाहीत.

सतत वापरली की ही जोडणी मंदावते आणि विश्रांती दिली की पुन्हा तरतरीत होते, हे त्यांच्या लक्षात आलं. धातू थकतो, मग झाड? इथूनच ते वनस्पतींकडे वळले. त्यांचे सगळेच निष्कर्ष शास्त्रज्ञांनी मानले नाहीत, पण वाट त्यांनी सोडली नाही. १९१७ मध्ये कोलकात्यात बोस संस्था उभी केली. १९२० मध्ये ते रॉयल सोसायटीचे फेलो झाले. २३ नोव्हेंबर १९३७ ला गिरिडीह इथे त्यांचं निधन झालं.

आज गुजरातेत साणंदला चिप जुळवणी आणि चाचणीचे कारखाने उभे राहत आहेत. चाचणीच्या वेळी चिपच्या प्रत्येक टोकाला एकेक बारीक पिन नेमकी टेकवावी लागते, आणि बऱ्याचदा ही पिन स्प्रिंगचीच असते. चिप केसभर सरकली, पिनेवर मळ बसला किंवा दाब कमी पडला, तर चांगली चिपही नापास होते. दाब जास्त झाला तर टोक खराब होतं. यंत्रं बदलली, पण स्क्रू फिरवत बसलेल्या बोस यांना छळणारा प्रश्न अजून तोच आहे.