विद्वत्तेकडून नम्रतेकडे : पंडिता रमाबाई



पश्चात्ताप हा एका दिवसाचा विधी नव्हे. स्नानसंस्काराने श्रद्धेचा प्रवास सुरू होतो. अंतःकरणाचे परिवर्तन मात्र आयुष्यभर चालते. या सत्याची साक्ष देणारे एक थोर मराठी जीवन म्हणजे पंडिता रमाबाई. त्या कॅथॉलिक नव्हत्या. तरीही त्यांच्या चरित्रापासून आपण पुष्कळ शिकावे असे आहे.

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजी कर्नाटकातील गंगामूळच्या अरण्यात झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी लोकांचा रोष पत्करून आपल्या पत्नीला संस्कृत शिकविले आणि त्या मातेने ते रमेला दिले. तीर्थक्षेत्री पुराणे सांगावी व मिळेल त्या दक्षिणेवर निर्वाह करावा, असा या कुटुंबाचा क्रम होता. १८७० च्या दशकात दक्षिणेत दुष्काळ पडला. मोलमजुरी करणे हलके आणि हात पसरणे लाजिरवाणे वाटे. जातीचा व विद्येचा अभिमान आड आला आणि घरात उपासमार सुरू झाली. थोड्याच महिन्यांत वडील, आई आणि थोरली बहीण यांचा अंत झाला. पुढे आत्मकथन लिहिताना रमाबाईंनी हा अभिमान झाकून ठेवला नाही.

उरलेला भाऊ श्रीनिवास याच्यासह त्यांनी हजारो मैल पायी प्रवास केला. १८७८ साली कोलकात्याच्या विद्वानांनी त्यांना पंडिता व सरस्वती या पदव्यांनी गौरविले. १८८० मध्ये भाऊ गेला. त्याच वर्षी बिपिनबिहारी मेधावी यांच्याशी त्यांचा विवाह झाला; परंतु १८८२ मध्ये कॉलऱ्याने पतीचेही निधन झाले आणि पदरी तान्ही मनोरमा राहिली.

१८८३ मध्ये त्या इंग्लंडला गेल्या. तेथे धर्मभगिनी पतित स्त्रियांची मायेने सेवा करतात हे पाहून त्या थक्क झाल्या. याचे मूळ कशात आहे याचा शोध घेताना त्यांना योहानाच्या शुभवर्तमानातील शोमरोनी स्त्री भेटली. २९ सप्टेंबर १८८३ रोजी वाँटेज येथे त्यांचा स्नानसंस्कार झाला. तथापि केवळ वडीलधारे सांगतात म्हणून एखादी शिकवण मान्य करणे त्यांना जमले नाही. नम्रता म्हणजे विचारशक्ती गहाण टाकणे, असा अर्थ त्यांनी कधीच घेतला नाही.

मायदेशी परतल्यावर १८८९ मध्ये त्यांनी मुंबईत शारदा सदन स्थापिले. त्यांचे नाव देशविदेशात झाले होते. अशा वेळी, स्नानसंस्कारानंतर सुमारे आठ वर्षांनी, त्यांना उमगले की आपल्याला ख्रिस्ती धर्म लाभला, पण साक्षात ख्रिस्त अजून लाभलेला नाही. विद्वान व कीर्तिमान व्यक्तीने आपल्या श्रद्धेतील ही पोकळी ओळखणे कठीण असते आणि ती जगापुढे मांडणे त्याहून कठीण. रमाबाईंनी १९०७ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या साक्षीत ती स्पष्टपणे लिहून ठेवली. आपण पापी आहोत आणि तारण केवळ कृपेने मिळते, हे स्वीकारल्यावरच त्यांच्या मनाला शांती लाभली.

ही शांती कृतीत उतरली. १८९६-९७ मध्ये मध्य प्रांतात भीषण दुष्काळ पडला आणि १८९९-१९०० च्या दुष्काळाने वऱ्हाडही होरपळले. आपला वडनेर भोलजी-नांदुरा परिसर त्याच वऱ्हाडातला. त्या भुकेल्या मुलींत रमाबाईंना आपले गतदिवस दिसले. १८९६-९७ मध्ये त्या स्वतः मध्य प्रांतात गेल्या आणि शेकडो निराधार मुली-स्त्रियांना घेऊन आल्या. केडगावच्या मुक्ती सदनात जातपात विचारली जात नव्हती. पतित मानल्या गेलेल्या भगिनींसाठी तेथे कृपा सदन उभे राहिले. जो अभिमान एके काळी त्यांच्या घरावर मृत्यू घेऊन आला, त्याला या घरात थारा नव्हता. १९०५ मध्ये मुक्ती सदनात पश्चात्तापाची मोठी लाट आली. अनेक मुलींनी अश्रू ढाळीत आपली पापे कबूल केली.

उत्तरायुष्यात हिब्रू व ग्रीक शिकून त्यांनी संपूर्ण बायबलचे मराठी भाषांतर केले. संस्कृतच्या या पंडितेने त्यासाठी साध्या स्त्रियांना कळेल अशी सोपी मराठी निवडली. जुलै १९२१ मध्ये मनोरमाबाई निवर्तल्या. ते दुःख सोसूनही रमाबाईंनी काम सोडले नाही. ५ एप्रिल १९२२ रोजी त्यांनी देह ठेवला आणि १९२४ मध्ये ते बायबल प्रकाशित झाले.

पापनिवेदनासाठी गुडघे टेकताना आपण बहुधा चुकांची यादी सांगतो. त्या चुकांच्या मुळाशी असलेला अभिमान, मग तो कुळाचा असो, शिक्षणाचा असो वा अनेक वर्षांच्या धार्मिकतेचा, आपण प्रभूपुढे ठेवतो काय? रमाबाईंनी तो ठेवला, आणि त्या रिकाम्या झालेल्या जागेत शेकडो अनाथांना घर मिळाले. खऱ्या पश्चात्तापाची हीच खूण आहे. प्रभू आपणांस तशी कृपा देवो.