विश्लेषण : तेलविहिरीवरचा मळ चेहऱ्यापर्यंत कसा आला? व्हॅसलीनच्या जनकाचे कोणते दावे टिकले?

थंडी पडली की रात्री चेहऱ्यावर पेट्रोलियम जेलीचा थर देऊन झोपण्याचे व्हिडीओ मोबाइलवर फिरू लागतात. या जुन्याच उपायाला आता ‘स्लगिंग’ असे नवे नाव मिळाले आहे. भोसरी, तळवडे, चाकणच्या कारखान्यांत दिवसभर कूलंट, सॉल्व्हंट आणि साबणाशी गाठ असणाऱ्यांच्या घरी ही डबी असतेच. ती जगभर पोहोचवणारे रॉबर्ट चीझब्रो यांनी तिच्याबद्दल बरेच दावे केले. त्यातले काही आजही उपयोगी आहेत, एक मात्र धोक्याचा आहे.

चीझब्रो कोण होते?

त्यांचा जन्म ९ जानेवारी १८३७ रोजी लंडनमध्ये, अमेरिकी आईवडिलांच्या पोटी झाला. पेशाने ते रसायनतज्ज्ञ. व्हेल माशाच्या तेलापासून दिव्याचे तेल तयार करणे हा त्यांचा धंदा. १८५९ मध्ये अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातील टायटसव्हिल येथे विहीर खणून खनिज तेल काढण्यात यश आले आणि व्हेलच्या तेलाचे दिवस भरले. २२ वर्षांचे चीझब्रो नव्या संधीच्या शोधात थेट तेलविहिरींवर पोहोचले.

तिथे पंपाच्या दांड्यांवर मेणचट थर साचत असे. कामगार त्याला ‘रॉड वॅक्स’ म्हणत. तो खरवडून काढला नाही, तर पंप अडायचा. म्हणजे आजच्या भाषेत मेंटेनन्सची डोकेदुखी! पण हेच कामगार कापले किंवा भाजले की तो मळ त्या जागी चोळत. चीझब्रो यांनी नेमके हेच हेरले.

मळाची जेली कशी झाली?

तो मळ घेऊन ते ब्रुकलिनला परतले. पुढची अनेक वर्षे तो शुद्ध करण्यात गेली. हाडांच्या कोळशातून गाळत गाळत त्यांनी वास आणि रंग काढून टाकला. १८७० मध्ये त्यांनी ब्रुकलिनमध्ये कारखाना काढला, तर ४ जून १८७२ रोजी ‘व्हॅसलीन’चे पेटंट (क्रमांक १२७५६८) मिळाले. त्यात चामडे मऊ करणे, यंत्रांना वंगण आणि फुटलेल्या हातांना मलम असे उपयोग एकाच दमात दिले आहेत. शॉप फ्लोअरवर काम केलेल्या कुणालाही हे वाचून गंमत वाटेल.

माल मात्र खपेना. मग चीझब्रो घोडागाडी घेऊन न्यूयॉर्क राज्यात गावोगाव फिरले. लोकांसमोर ते स्वतःची त्वचा आगीने किंवा आम्लाने भाजून घेत, वर जेली लावत आणि आधीच्या बऱ्या झालेल्या जखमा दाखवत. सोबत फुकट नमुने वाटत. हळूहळू औषधाच्या दुकानांतूनच मागणी येऊ लागली. ते रोज चमचाभर जेली खात असेही सांगितले जाते. १९३३ मध्ये, वयाच्या ९६ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. दीर्घायुष्याचे श्रेय ते जेलीला देत, पण ती खाण्याला वैद्यकीय आधार नाही.

भाजल्यावर ती लावावी का?

ताज्या भाजलेल्या जागेवर नाही. वेल्डिंग, फोर्जिंगच्या या पट्ट्यात हे ठाऊक असायलाच हवे. भाजल्यास आधी २० मिनिटे वाहत्या गार पाण्याखाली ती जागा धरावी. जेली, टूथपेस्ट, हळद असे काहीही लावू नये. जेलीच्या थराखाली उष्णता अडकते. फोड मोठे असतील किंवा चेहरा भाजला असेल, तर डॉक्टरांकडेच जावे.

कोरड्या त्वचेवर काय घडते?

इथे चीझब्रो बरोबर होते. जेलीत पाणी अजिबात नसते. त्यामुळे ती त्वचेला ओलावा देत नाही. त्वचेतला ओलावा हवेत उडून जाण्यापासून अडवते. टाकीवर झाकण ठेवण्यासारखेच ते. टाकीच रिकामी असेल, तर झाकणाचा काय उपयोग? म्हणून रात्री चेहरा सौम्य फेसवॉशने धुवावा, हलकेच टिपावा आणि ओलसर असतानाच ग्लिसरीन असलेले मॉइश्चरायझर लावावे. त्यावर जेलीचा अगदी पातळ थर पुरतो. वाटाण्याएवढी जेली खूप झाली. सगळ्या चेहऱ्याला नको असेल, तर ओठ, नाकाच्या कडा आणि जिथे त्वचा ओढल्यासारखी वाटते तेवढ्याच जागी लावावी.

चीझब्रो यांची खरी कमाई शुद्धीकरणात आहे, हे विसरून चालणार नाही. बॅटरीच्या टर्मिनलला लावायची औद्योगिक जेली किंवा गॅरेजमधले ग्रीस दिसायला सारखे असले, तरी चेहऱ्यासाठी नाही. डबीवर ‘व्हाइट पेट्रोलियम जेली’ आणि ‘आयपी’ दर्जा आहे का, ते पाहावे. मुरुमे किंवा तेलकट त्वचा असणाऱ्यांनी चेहऱ्यावर ती टाळावी. कूलंटमुळे हातांना खाज, लाल चट्टे किंवा भेगा पडत असतील, तर ती ॲलर्जी असू शकते. अशा वेळी त्वचारोगतज्ज्ञांना दाखवावे.