थ्री नॉट थ्रीच्या मागे होता एक घड्याळजी, आणि त्याच्या रायफलींना आज पुन्हा जुनं रूप दिलं जातंय

पोलीस ठाण्याच्या दारात पहाऱ्यावरच्या हवालदाराच्या खांद्यावर दिसायची ती लांब, लाकडी दस्त्याची बंदूक आठवते? थ्री नॉट थ्री. २६/११ च्या रात्री सीएसटी स्थानकात एके-४७ समोर काही पोलिसांच्या हातात हीच होती. कागदावर तिचं नाव ली-एनफील्ड. एनफील्ड म्हणजे इंग्लंडमधला सरकारी कारखाना. आणि ली म्हणजे एक घड्याळजी.

जेम्स पॅरिस ली याचा जन्म १८३१ चा, स्कॉटलंडमधल्या हॉइक गावचा. तो लहान असतानाच कुटुंब कॅनडात गॉल्टला आलं. घरचा धंदा घड्याळं आणि दागिन्यांचा. पण पोराचा जीव बंदुकीत. बाराव्या वर्षी वडिलांच्या जुन्या पिस्तुलाची नळी घेऊन त्याने स्वतः एक बंदूक बनवली. ती काही धड चालली नाही. पुढे तो घड्याळांचं काम शिकला, चॅथमला दुकान टाकलं, लग्न केलं आणि मग अमेरिकेत विस्कॉन्सिनला गेला.

तिथे गृहयुद्ध पेटलेलं. सैन्याकडे तोंडातून दारू ठासायच्या स्प्रिंगफील्ड रायफली होत्या. त्या मागून भरता येतील असा बदल लीने शोधला आणि १८६२ मध्ये पेटंट मिळवलं. म्हणजे त्याच्या कारकिर्दीची सुरुवातच लष्कराच्या जुन्या रायफलीत फेरफार करण्यापासून झाली. १८६५ मध्ये सरकारने त्याला १,००० कार्बाइनचं कंत्राटही दिलं. पण नळीच्या मापावरून वाद झाला आणि माल नाकारला गेला. दुसरा कोणी असता तर परत घड्याळांकडे वळला असता.

ली वळला नाही. १८७९ मध्ये त्याने पेटंट घेतलं ते रायफलीखाली बसणाऱ्या पेटीसारख्या मॅगझिनचं. तोवर बऱ्याच रायफलींमध्ये काडतुसं नळीखालच्या नळकांड्यात एकामागे एक रांगेत असायची, म्हणजे एका गोळीचं टोक पुढच्या काडतुसाच्या बुडाला टेकलेलं. लीने ती एकावर एक रचली आणि खालून स्प्रिंग लावली. साधी गोष्ट वाटते, पण आजच्या जवळपास प्रत्येक लष्करी रायफलीत हीच पद्धत आहे. ज्या शार्प्स कंपनीने ही रायफल बनवायला घेतली तीच बुडाली, मग काम रेमिंग्टनकडे गेलं.

ब्रिटनने १८८८ मध्ये लीचा बोल्ट आणि मॅगझिन उचललं, नळी मेटफर्डची वापरली. नव्या कॉर्डाइट दारूच्या उष्णतेत त्या नळीच्या आतले उथळ आटे झिजायला लागले, म्हणून १८९५ मध्ये एनफील्डचे खोल आटे आले आणि ली-एनफील्ड जन्मली. ली १९०४ मध्ये कनेक्टिकटमध्ये वारला. पहिल्या महायुद्धात गाजलेलं मार्क ३ मॉडेल आलं १९०७ मध्ये, ते त्याने पाहिलंच नाही.

दुसऱ्या महायुद्धानंतर या रायफली भंगाराच्या भावात बाजारात आल्या. अमेरिकेत तर १९६८ च्या कायद्यापर्यंत त्या टपालाने मागवता येत होत्या. शिकाऱ्यांना वजन नको होतं. मग पुढचं लाकूड अर्ध्यावर कापायचं, नळीवरचं लाकडी झाकण फेकायचं, टोकाची लोखंडी टोपी काढायची, कधी नळीही आखूड करायची. हरणाच्या शिकारीला एवढी रायफल पुरे. त्या काळात हा शहाणपणाच होता, कारण अशा रायफली ढिगाने पडल्या होत्या.

आता ढीग संपलाय, आणि हौशी लोक त्या पुन्हा मूळ रूपात आणतायत. रायफलीची रचनाच इथे मदतीला येते. दस्ता आणि पुढचं लाकूड हे दोन वेगळे तुकडे आहेत, त्यामुळे फक्त कापलेला भाग बदलता येतो. मात्र नवं लाकूड नुसतं स्क्रूने आवळून भागत नाही. मागच्या बाजूला ते रायफलीच्या धातूच्या सांगाड्याला दोन्हीकडून सारखं टेकावं लागतं, नाहीतर नेम भरकटतो. मग कच्चं जवसाचं तेल, हाताने, पुन्हा पुन्हा. नळी कापली असेल तर ती बदलायला जाणकार बंदूक कारागीरच लागतो, आणि काडतूस बोल्टसमोर नीट बसतंय का हे गेजने तपासल्याशिवाय गोळी झाडायची नसते. दुर्बिणीसाठी सांगाड्यावर भोकं पाडली असतील किंवा वरचा पूल घासून टाकला असेल, तर मात्र सहसा नाद सोडलेलाच बरा.

खरं भांडण नंबरांवरून होतं. सांगाडा, बोल्ट, टोपी, लाकूड यांवर एकच नंबर कोरलेला असायचा. बदललेल्या भागावर दुसराच नंबर येतो. काहीजण तो घासून जुळणारा नंबर ठोकतात. जाणकार संग्राहक याला सरळ फसवणूक म्हणतात. नंबर न जुळणारी पण प्रामाणिक रायफल त्यांना जास्त पसंत असते.

आणि सगळ्याच कापलेल्या रायफली परत जोडायच्या नसतात. बर्मिंगहॅमच्या पार्कर-हेल कंपनीने शिकारीसाठी नीटस बदललेल्या ली-एनफील्डना आता स्वतःचे चाहते आहेत. आणि १८६२ च्या पद्धतीने लीने बदललेली स्प्रिंगफील्ड कुणाला सापडलीच, तर ती मूळ रूपात आणायचा विचारही कोणी करणार नाही.