आरमारप्रमुख विल्यम ब्राऊन

आर्जेंटिना देशाच्या आरमाराचा पाया ज्यांनी घातला ते त्या देशाचे नव्हतेच. १७७७ साली आयर्लंडातील फॉक्सफर्ड गावी त्यांचा जन्म झाला. बाप अमेरिकेत पीतज्वराने वारला, आणि पोरका मुलगा गलबतावर पोऱ्या म्हणून राहिला. पुढे ते ब्यूनॉस आयर्स येथे व्यापार करू लागले.

त्या प्रांताने स्पेनचे जू झुगारिले, परंतु त्यास आरमार कोठले! १८१४ साली व्यापारी गलबतांवर तोफा चढवून ती ब्राऊन यांच्या हाती दिली. मे महिन्यात त्यांनी माँटेव्हिडिओपुढे स्पेनच्या आरमाराचा मोड केला. पुढे सरकारने त्यांच्यावरच खटला भरला, हे आम्हांस खेदाने लिहावे लागते. तरी ब्राझीलशी युद्ध जुंपल्यावर १८२६ साली बोलावणे येताच ते रुसून बसले नाहीत. १८२७ च्या फेब्रुवारीत हुंकाल येथे त्यांनी शत्रूची बहुतेक जहाजे धरिली वा जाळिली.

त्याच वर्षी एप्रिलात त्यांच्या एलायझा नामक कन्येचा भावी पति ड्रमंड, जो त्यांच्याच हाताखालील अधिकारी, लढाईत पडला. डिसेंबरात ती कन्या नदीत बुडून मेली. त्या पित्याची अवस्था लेकुरवाळ्या वाचकांनीच ताडावी.

१८४७ साली, आयर्लंड दुष्काळाने होरपळत असता, त्यांनी आपली मायभूमि पुनः पाहिली. १८५७ साली ब्यूनॉस आयर्स येथे ते निवर्तले.